माझी कंबर, माझे खोपटे आणि व्हर्न ट्रेवॅरो

सुज्ञ वाचकहो, माझ्या कंबरेस अकस्मात जडलेल्या व्याधीचा, त्या व्याधीने मजला घरच्या घरी कसे जमिनीवर आणले त्याचा, आणि माझ्या पत्नीचा धाकटा बंधू व्हर्न ट्रेवॅरो याने त्या काळात माझ्याशी जे वर्तन केले त्याचा साद्यंत वृत्तांत मी येथे कथन करणार आहे. हा वृत्तांत क्रोधाचा आहे. क्रोध शमल्यानंतर लिहावे, असे मजला घरातून सुचविण्यात आले होते. परंतु तितकी वाट पाहिली तर तो कधीच लिहिला जाणार नाही, हे मी जाणून आहे.

प्रथम घराविषयी. आम्ही राहतो ते घर माझे नाही. ते माझ्या सासऱ्यांनी, खाणीचे कॅप्टन (म्हणजे साऱ्या खाणकामगारांवरचे मुख्य) ट्रेवॅरो यांनी बांधले. माझा बाप त्यांच्याच खाणीत जमिनीखाली पहार चालवीत असे. सासूबाई अंथरुणास खिळल्या तेव्हा त्यांच्या शुश्रूषेसाठी मी व माझी पत्नी आर्डिस या घरात राहावयास आलो, आणि वडीलधारी माणसे निवर्तल्यानंतरही येथेच राहिलो. दिवाणखान्यात कॅप्टनचे छायाचित्र आहे. जेवणाचे टेबल कॅप्टनचे आहे. माझ्या बापाच्या परसात आम्हा फिनिश लोकांची सौना, म्हणजे शेगडी पेटवून वाफ घेण्याची खोली होती, तिच्यात आम्ही दर शनिवारी घाम काढून शुद्ध होत असू. येथे बाथटब आहे, कारण फिनिश लोकांचे ते धुरात बसणे कॅप्टनला रानटी वाटे.

व्हर्न पलीकडच्या गल्लीत राहतो, आणि माझ्या लग्नापासून आजतागायत या घराचे दार न वाजवता आत येतो. मी हरकत घेतली की त्याचे उत्तर ठरलेले. "माझ्याच बापाच्या घराचं दार मी कशाला वाजवू?"

या पृथ्वीतलावर माझे म्हणावे असे एकच बांधकाम आहे, आणि ते म्हणजे तळ्याच्या बर्फावर उभे राहणारे माझे मासेमारीचे खोपटे. कागदाची गिरणी बंद होऊन मी रिकामा झालो, त्या हिवाळ्यात मी ते स्वहस्ते उभारले. प्लायवूडच्या भिंती, पत्र्याची लहान शेगडी, एक बाक, जमिनीत मासे धरण्याचे भोक, आणि बुडाशी, बर्फावरून ओढून नेण्यासाठी, स्लेजला असतात तशा दोन लाकडी घसरपट्ट्या. त्यास एक दार आहे. त्या दारास बाहेरून कुलूप व आतून कडी आहे. वाचकांनी ही कडी ध्यानात ठेवावी.

मार्च सरत आला म्हणजे सर्व खोपटी बर्फावरून काठावर आणावी लागतात. तसा कायदाही आहे, आणि कायदा नसता तरी तळे कोणाची गय करीत नाही. जो उशीर करतो त्याचे खोपटे वसंतात पाण्याच्या तळाशी जाते. माझे खोपटे मात्र जागचे हलेना. खालून वारा शिरू नये म्हणून आम्ही सारेच भिंतीच्या बुडाशी ओला बर्फ थापतो. तो थापावाच लागतो, अन्यथा आत पाय गोठतात. परंतु ज्याने असे थापले त्याने घसरपट्ट्यांखाली लाकडी ठोकळेही घालावेत, म्हणजे मध्येच उबारा पडून पुन्हा गोठले तरी खोपटे बर्फात रुतत नाही. ठोकळे घाल, असे मजला एका इसमाने जानेवारीतच सांगितले होते. तो इसम व्हर्न होता. म्हणून मी घातले नाहीत.

एक संपूर्ण दुपार मी पहार घेऊन, कंबरेत पिळे देत, त्या बर्फाशी झुंजलो. खोपटे तसूभर हलले नाही. विशेष हे की तेव्हा मला काहीच दुखले नाही. मी घरी आलो, बटाटे व मांस भरलेली पेस्टी खाल्ली आणि स्वस्थ निजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून डाव्या पायात मोजा चढवण्यासाठी मी वाकलो. पहार नव्हे, बर्फ नव्हे, फक्त एक मोजा! तत्क्षणी कंबरेच्या खालच्या अंगात अशी उसण भरली की जणू आतून कोणी कुऱ्हाडीचा घाव घातला. श्वास अर्ध्यावर थांबला. मी खुर्चीवरून घसरलो व कॅप्टनच्या फरशीवर एका कुशीवर पडून राहिलो.

"रायनो? काय पडलं?" आर्डिस आतल्या खोलीतून ओरडली.

"मी!"

"कशाला?"

"हौस म्हणून!"

ती आली, तिने माझ्याकडे पाहिले आणि माझ्या काखेत हात घातला. मी असा किंचाळलो की तिने हात सोडून दिला. "मला तुला उचलता यायचं नाही," ती म्हणाली. "आणि माझ्यावर ओरडू नकोस. मोजा मी नाही घालायला सांगितला."

नेमक्या त्याच वेळी मागचे दार उघडले. अर्थात न वाजता. व्हर्न उंबऱ्यात उभा राहून बुटांचा बर्फ झटकीत माझ्याकडे पाहू लागला.

"हे काय? फरशी पुसतोयस की प्रार्थना चाललीय?"

"आर्डिस, याला बाहेर जायला सांग."

"तूच सांग. तुझी कंबर गेलीय, तोंड नाही," ती म्हणाली आणि तिने दवाखान्याच्या नर्सला फोन लावला. तिने तो फोन माझ्या तोंडाजवळ फरशीवर ठेवला, आवाज मोठा करून, जेणेकरून साऱ्या घराने माझी परीक्षा ऐकावी. व्हर्नने माझ्या कपात माझी कॉफी ओतून घेतली व तो ऐकण्यास बसला.

"काका, पडलात का कुठे? अपघात?" नर्सचा आवाज तरुण होता.

"मोजा घालत होतो."

"बरं. ताप आहे? पायातली शक्ती गेल्यासारखी वाटते?"

"नाही."

"लघवी होतेय ना व्यवस्थित? लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला असं काही? मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा?"

वाचकहो, मी आयुष्यभर परक्या माणसासमोर अंगातला सदराही काढलेला नाही. मी उत्तर जुळवीत असतानाच व्हर्न म्हणाला, "त्याचा बधिरपणा वरच्या मजल्यावर आहे, बाई."

"हे कोण बोललं?"

"कोणी नाही!" मी गरजलो, आणि गरजल्यामुळे पुन्हा कळ आली.

नर्सने सांगितले ते असे. यातले काही झाले, तर क्षणाचाही विलंब न करता थेट इस्पितळात यावे. ते नसेल तर भीतीचे कारण नाही, बहुतेक कंबरा घरीच बऱ्या होतात. शेक घ्यावा, पोटात अन्न घालून मग दुखण्याची गोळी घ्यावी, आणि मुख्य म्हणजे पडून राहू नये. "थोडं थोडं चाला, काका. दुखलं तरी घरातल्या घरात फिरा. दिवसचे दिवस झोपून राहिलात की पाठ आणखी आखडते."

मग अंथरुणातून कसे उठावे हे तिने आर्डिसला समजावून सांगितले; मी कान दिला नाही. फोन बंद झाल्यावर मी म्हणालो, "त्या पोरीला काय कळतं? माझा बाप दारावर झोपून बरा झाला होता."

याचा खुलासा करणे प्राप्त आहे. आमच्या खाणकामगारांत ज्याची कंबर गेली त्याच्यासाठी घरातले एक दार बिजागऱ्यांतून काढीत, ते पलंगावर ठेवीत, आणि त्या फळीवर त्यास उताणे निजवीत. माझा बाप असा निजलेला मी स्वतः पाहिला आहे. कॅप्टनच्या घरात मात्र कोणास कधी दारावर निजावे लागले नव्हते. म्हणूनच कदाचित त्या क्षणी मला दुसरे काहीही नको होते.

"शयनगृहाचं दार काढा," मी आज्ञा केली.

"बाबांचं दार आहे ते. अस्सल ओकचं," व्हर्न म्हणाला.

"काढ!"

"काढतो. ओरखडा पडला तर तुझ्या पाठीनंच पॉलिश करून घेईन."

गुडघ्यांवर व तळहातांवर रांगत मी खोलीपर्यंत गेलो. दार निघाले, पलंगावर चढले, आणि मी त्यावर. तो दिवस मी छताकडे पाहत काढला. वाचकहो, मी खोटे लिहिणार नाही. ते दार माझ्या बापास कसे मानवले हे ईश्वर जाणे. माझी पाठ प्रत्येक घटकेस अधिकाधिक लाकूड होत गेली. लघवीसाठी आर्डिसने कॉफीचा रिकामा डबा दिला. मी तो स्वीकारला. याउपर त्याविषयी मी काही लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तो पायथ्याशी व्हर्न उभा, हातात आमच्याच घरातला टोस्ट.

"शयनगृहात येताना तरी माणूस वाजवतो!" मी ओरडलो.

"काय वाजवू?" त्याने रिकाम्या चौकटीकडे बोट दाखविले. "दार कुठाय? तू झोपलायस त्यावर."

मी संतापाने उठून बसू गेलो, आणि कंबरेने मजला पुन्हा त्याच दारावर आपटले.

"सांगायला आलो होतो," तो खात खात म्हणाला. "उद्यापासून उबारा आहे म्हणे. आत्ता तळ्यावर जातो आणि तुझं ते खोकं ओढून आणतो. ट्रकला साखळी लावली की झालं काम."

"त्याला हात लावायचा नाही!"

"मग काय, बुडू देऊ?"

"अरे, ते रुतलंय! बूड सोडवल्याशिवाय ओढलंस तर भिंती तुझ्या मागं येतील आणि तळ तिथंच राहील!"

"ठोकळे घाल म्हणालो होतो."

"व्हर्न!"

"तू आराम कर. माझं मी बघतो." आणि तो गेला. जाताना त्याने खोलीचे दार ओढून घेण्यासाठी सवयीने हात मागे नेला, हाती काही लागले नाही, आणि तो हसला. ते हसणे मी विसरणार नाही.

खिडकीतून तळे दिसते. काठापासून थोड्याच अंतरावर माझे खोपटे उभे होते, हिरव्या रंगाचे, शेगडीचे धुराडे किंचित कलते. व्हर्नचा ट्रक उतारावरून बर्फावर गेला तो मी पाहिला.

"आर्डिस! त्याला थांबव!"

ती हात पुसत आली. "तो मदत करतोय तुला."

"मदत नाही ही. तो मालकी गाजवतोय! या घरात एक चमचा माझा नाही. ते एवढंसं खोपटं माझं आहे, आणि तेही तो फोडून सरपण करून आणेल आणि म्हणेल, बघ, आणलं की नाही!"

"एक चमचा तुझा नाही?" तिचा आवाज खाली गेला, आणि तो खाली जातो तेव्हा मी सावध होतो. "तीस हिवाळे या घराचं छप्पर तू साफ करतोस. माझ्या आईला बाथटबात तू उचलून ठेवायचास. ते कोणाचं होतं? तू ज्या कॅप्टनवर इतका चिडतोस ना, तो मरून गेलाय. तुला भांडायला फक्त व्हर्न उरलाय. आणि ठोकळे त्यानं सांगितले म्हणून तू घातले नाहीस. माझ्या भावाला खिजवायला तू स्वतःचं घर बर्फात गाडलंस, रायनो."

"मग आता मी काय करू? इथं पडून बघू?"

"पडून राहायचं तूच ठरवलंस. दारावर झोपून खोपटं वाचत नाही. उठायचं असेल तर कसं उठायचं ते नर्सनं मला सांगितलंय. ऐकणार आहेस?"

तिकडे साखळी पडल्याचा खणखणाट बर्फावरून इथवर आला.

"ऐकतो!"

"दोन्ही गुडघे वर घे. हळू. आता खांदे आणि कंबर एकदम वळव, ओंडका लोळतो तसा. मध्ये पिळायचं नाही. कुशीवर झालास? आता पाय पलंगाच्या खाली सोड आणि हातानं अंग वर ढकल. पाठीनं नाही, हातानं!"

मी शिव्या देत वळलो, शिव्या देत बसलो आणि शिव्या देत उभा राहिलो. त्या शिव्या मी येथे देत नाही. तिने मला उभ्यानेच ब्रेडचा तुकडा व गोळी दिली. पायमोज्यात तांदूळ भरून तो मायक्रोवेव्हमध्ये तापवला, आणि आपल्या लोकरी शालीने माझ्या कंबरेस बांधला. मग बूट आणून तिने स्वतः वाकून ते माझ्या पायांत चढवले, आणि ओसरीतून बर्फ लोटायचा मोठा स्कूप आणून माझ्या पुढ्यात ठेवला. वाचकांपैकी ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की तो पत्र्याचा एक रुंद सूपच असतो, त्यास कमरेइतका उंच लोखंडी दांडा असतो, आणि तो दोन्ही हातांनी धरून ढकलत न्यायचा असतो. पांगळ्यास याहून उत्तम आधार नाही.

"तू येणार ना?" मी विचारले.

"नाही. तुमची भांडणं घरात ऐकते तेवढी पुरे. काठावर उभी राहून बघीन. पडलास तर येईन."

मी निघालो. अंगणातून उतारावर, उतारावरून तळ्यावर. प्रत्येक पावलाला कंबर कडाडत होती, आणि प्रत्येक पावलाला मी व्हर्नचे नाव घेत होतो. काही अंतर गेल्यावर माझ्या ध्यानात आले की माझी पावले लांब पडू लागली आहेत. बरे वाटत होते असे नव्हे. परंतु दारावर होते त्यापेक्षा बरे होते, आणि त्या पोरीचे म्हणणे खरे ठरत होते, याचाही मला राग आला.

व्हर्नने साखळी खोपट्याभोवती गुंडाळून ट्रकला जोडली होती. त्याने गाडी पुढे घेतली. साखळी ताठ झाली, खोपटे करकरले, आणि कोपऱ्यातील एक फळी काडकन तडकली. तो आवाज माझ्या मणक्यात आला.

"थांब!" मी इतक्या जोराने ओरडलो की काठावरचे कावळे उडाले. तो थांबला नाही. तेव्हा मी स्कूप ढकलत ट्रकच्या तोंडापुढे जाऊन उभा राहिलो.

त्याने काच खाली केली. "बाजूला हो!"

"नाही."

"रायनो, वेडेपणा करू नकोस. बाजूला हो!"

"मला होता येत नाही!" मी ओरडलो, आणि ते अक्षरशः सत्य होते. थांबताच कंबर पुन्हा धरली होती. मी दांड्यास लटकून उभा होतो. पुढे नाही, मागे नाही. "हलव गाडी माझ्यावरून, आणि मग सांग तुझ्या बहिणीला!"

त्याने काठाकडे पाहिले. आर्डिस तेथे हाताची घडी घालून उभी होती. माझ्या उभ्या आयुष्यात प्रथमच माझी कंबर माझ्या कामी आली.

व्हर्न खाली उतरला. "बरं, बोल. काय करू?"

"साखळी सोड. आधी पहार घे. भिंतीपासून वीतभर लांब फोड, प्लायवूडला लावायची नाही. चारी बाजूंनी."

"एवढं सगळं?"

"मी अख्खी दुपार एकट्यानं झुंजलोय. तुला जमत नसेल तर तसं सांग."

त्याने पहार उचलली. मी सांगत होतो व तो फोडीत होता. तो चुकीचे करी तेव्हा मी ओरडे, बरोबर करी तेव्हा गप्प राहत असे. तो माझा गप्पपणा मोजत होता हे मला कळत होते. घामाने त्याचा सदरा भिजला. तो माझ्या फिनिश डोक्यास शिव्या देत होता, मी त्याच्या ट्रेवॅरो हातांस देत होतो. अखेर घसरपट्ट्या दिसू लागल्या.

"आता जॅक. आत बाकाखाली आहे."

त्याने दाराकडे हात नेला. कुलूप होते. किल्ली माझ्या खिशात होती. त्याने माझ्यासमोर तळहात पसरला.

"किल्ली दे."

"मी उघडीन."

"अरे, तुला चालता येत नाही!"

"मी उघडीन, म्हटलं ना."

तो बाजूला झाला. स्कूप ढकलत ढकलत मी माझ्या दारापाशी गेलो, आणि माझे कुलूप माझ्या हाताने काढले. तो वाकून आत शिरला आणि चौकटीवर त्याचे कपाळ आपटले. चौकट माझ्या उंचीची आहे.

जॅकने एकेक कोपरा उचलून त्याने खाली ठोकळे सारले. ठोकळे त्याच्या ट्रकमध्येच होते. जानेवारीपासून ते तेथेच पडून होते, असे तो मजकडे न पाहता म्हणाला. मीही त्याच्याकडे पाहिले नाही. मग त्याने साखळी घसरपट्ट्यांस बांधली, आणि माझे खोपटे अखंड, एका तडकलेल्या फळीनिशी, बर्फावरून काठावर आणि काठावरून परसात आले.

पुढील सकाळी मी त्यातच जाऊन बसलो. बाक कठीण व माझ्या मापाचा आहे. मागे शेकाचा मोजा ठेवावा, थोडे बसावे, मग उठून परसात एक फेरी मारावी, असा माझा क्रम चालला होता. दुखणे होते, परंतु ते आता माझ्या मागून चालत होते, पुढे उभे राहत नव्हते. मी आतून कडी लावली होती. आर्डिसने कॉफी खिडकीतून दिली.

इतक्यात बर्फावर बुटांचा आवाज आला. मला ती चाल ठाऊक आहे. पावले दारापर्यंत आली आणि थांबली. कडी हलण्याची मी वाट पाहिली. ती हलली नाही. मग दारावर टकटक झाली. बोटांनी नव्हे, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने आणि काहीशी चिडूनच. परंतु झाली.

"कोण आहे?" मी विचारले. दाराखालच्या फटीतून त्याचे बूट मला स्पष्ट दिसत होते.

"व्हर्न."

"कोण व्हर्न?"

"रायनो, थंडी आहे रे बाहेर!"

"काम काय?"

फटीतले बूट जागच्या जागी हलले. मग तो बोलला, आणि प्रत्येक शब्द दात ओढून काढावा तसा आला. "तुझ्या खोलीचं दार परत बसवायचंय. आर्डिस म्हणाली, आधी तुला विचार. बसवू का?"

तुझ्या खोलीचे, असे तो म्हणाला. बाबांचे, असे नव्हे.

"थांब," मी म्हणालो. "मला उठायला वेळ लागतो."

हे खरेच होते. मी गुडघे जुळवले, बाकावर हात टेकले, आणि पाठ न पिळता, नर्सने सांगितले तसा सावकाश उभा राहिलो. मात्र खरे लागले असते त्याहून थोडा अधिक वेळ मी घेतला. बाहेर तो पाय आपटीत उभा होता. मग मी कडी काढली.

वाचकहो, माझा क्रोध अद्याप पुरता शमलेला नाही, कंबरही नाही. तथापि दोन्ही हिंडत्या-फिरत्या अवस्थेत आहेत. एका अल्पशिक्षित गिरणीकामगाराचे हे लिखाण आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी अंतःकरणपूर्वक आपले आभार मानतो. आपणा सर्वांच्या कंबरा सुखरूप राहोत, आणि आपल्या दारावर येणारे वाजवून येवोत.

आपला नम्र,
रायनो पेल्कोला